गंजी गार हाय ना?

नागपुरात समुपदेशक घडवणारा एक वर्ग चालतो. तिथं वर्षातून एकदा मला बोलावतात. पत्रावर लिहिलेलं असतं, 'रुग्णाच्या नातेवाइकाचं मनोगत, वेळ पंधरा मिनिटं.' मी पाऊण तास घेते आणि मध्ये पाणीही पीत नाही. मागच्या खेपेला मी खुर्चीवर नीट टेकलेही नव्हते, तोच पहिल्या रांगेतल्या एका गोड मुलीनं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "काकू, इतकी वर्षं तुम्ही काकांना धीर कसा दिलात?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "धीर?" मी म्हटलं. "बाई, धीर देऊ देऊच मी त्या माणसाला सहा वर्षं आजारी ठेवलं. लिहा ते. खाली रेघ ओढा."

तिनं खरंच रेघ ओढली. मला हसू आलं, पण राग काही गेला नाही. चांगला खाऊनपिऊन पोसलेला राग आहे माझा. वर्गात त्याला साखळीनं बांधून नेते. इथं सोडते.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी हिंगणघाटला आले. नवरा एका जीनमध्ये कामाला. तोंडावर मी त्याला अहो म्हणायची, आजही म्हणते. लिहिताना मात्र 'तो'च म्हणणार, तेवढी चैन मला हवी. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना. दिवाळीनंतर बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा लागायच्या, कापूस आवारात ओतला जायचा आणि त्याचे घराएवढे ढीग उभे राहायचे. त्यांना गंजी म्हणतात. कापूस ओलसर आला तर गंजी आतून तापते, आणि कुणाच्या विडीची ठिणगी पडली तर विचारूच नका. म्हणून नियम असा, की संध्याकाळी सहाला भोंगा झाला की एका माणसानं प्रत्येक गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, गार आहे ना बघायचं, आणि फाटक लावायचं. एकदा. हा एक माणूस म्हणजे माझा नवरा.

लग्नाच्या वर्षी तो दोनदा बघायचा. दुसऱ्या वर्षी पाच वेळा. नंतर त्याला आकडे पुरेनात. फाटकाला कुलूप लावून तो रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत यायचा आणि परत जायचा, पुन्हा यायचा, पुन्हा जायचा. सहाला सुटलेला माणूस साडेआठला घरी. उजवा हात बोंडांच्या काड्यांनी ओरबाडून कोपरापर्यंत लाल झालेला. पाटावर बसायचा, घास उचलायचा, आणि विचारायचा, "गंजी गार हाय ना वं?"

मी जन्मात जीनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

"गार हाय," मी सांगायची.

"बराबर सांग."

"देवाशप्पथ गार हाय."

"कोन्त्या देवाची?"

असं करत आम्ही तेहतीस कोटींतले बरेच देव संपवले. शपथ घेतली की त्याचा चेहरा असा सैल व्हायचा, की मला वाटायचं आपण मोठं पुण्याचं काम केलं. तो जेवायचा. हात धुताना पुन्हा विचारायचा. मी पुन्हा सांगायची. काही वर्षांनी तर मी त्यानं विचारण्याआधीच उंबऱ्यातून ओरडायला लागले, "गार हाय, गार हाय, या!" शेजारीण म्हणायची, बाई, काय प्रेम आहे! प्रेम कसलं? त्याच्या भीतीला मी रोज दोन वेळा जेवू घालत होते, तेही ताजं.

पण माझ्याहून मोठे अन्नदाते होते. पहिला मान शेठचा.

दसऱ्याला जीनमध्ये यंत्रांची पूजा असायची. यंत्रांना हार, आवारात सडा, सगळ्यांना पेढे. त्या दिवशी शेठनं माझ्या नवऱ्याला पुढं बोलावलं आणि सगळ्या कामगारांदेखत शाल आणि नारळ दिला. "असा माणूस दिवा घेऊन शोधला त मिळणार नाई," शेठ म्हणाला. "आपण सगळे एकदा पाहतो, हा पन्नासदा पाहते. याच्यापासून शिका काही!" टाळ्या पडल्या. मी फाटकाबाहेर बायकांच्या रांगेत उभी होते आणि मीही वाजवल्या. हे लिहितानाही माझे तळहात चावतात.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पहाटे जायला सुरुवात केली. शाल मिळालेल्या माणसानं कसं चुकायचं?

मग मी त्याला गावातल्या डॉक्टरकडे नेलं. मोठा बोलका माणूस, टाय लावायचा, खांद्यावर हात ठेवायचा. सगळं ऐकून हसला आणि म्हणाला, "अहो, मी डॉक्टर सांगतोय ना, आग लागणार नाही. बस्स!" नवऱ्यानं विचारलं, "लिहून देता का?" डॉक्टरनं औषधाच्या कागदावर झोकात लिहून दिलं, 'आग लागणार नाही', खाली सही, शिक्का. शिक्कासुद्धा! तीन दिवस माझा नवरा असा खुशीत होता की मी सत्यनारायण घालायच्या बेतात होते. चिठ्ठी खिशात, मन शांत. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, डॉक्टरनं लिहिलं तेव्हा आपण त्याला ओल्या कापसाचं सांगितलं होतं की नाही? गेला परत. डॉक्टरनं नवी चिठ्ठी दिली, 'ओला कापूस धरून.' मग वाऱ्याचं. मग सरकीच्या गोदामाचं. दर गुरुवारी नवी चिठ्ठी. त्याच्या खिशात एवढे कागद झाले, की मला वाटायचं, आग लागलीच तर इथूनच लागेल.

शेवटी डॉक्टर वैतागला आणि म्हणाला, "मन घट्ट करा हो जरा. बायकोसारखं काय घाबरता?" ती बायको शेजारीच बसली होती. तिनं त्याच्या टायकडे पाहिलं आणि एक विचार केला, तो मी छापणार नाही. त्यानं आम्हाला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ते केवळ पीडा टळावी म्हणून. त्याचं तेवढंच एक काम नीट झालं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. दिसायला इतकी लहान, की नवऱ्यानं तिला विचारलं, "ताई, डॉक्टर केव्हा येतीन?" ती म्हणाली, "आले आहेत." तिनं सगळं ऐकलं. मध्ये हसली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. नवऱ्यानं शेवटी नेहमीचं विचारलं, "आग त नाई लागणार ना?"

"लागू शकते," ती म्हणाली.

तो खुर्चीतून अर्धा उठला. सहा वर्षांत त्याला कुणी खरं सांगितलं नव्हतं. "कापूस आहे, आग लागू शकते," ती म्हणाली. "मी लिहून देणार नाही, तोंडीही सांगणार नाही. तुमची अडचण आग नाही. आग लागणार नाही याची पक्की खात्री तुम्हाला पाहिजे, आणि ती कुणाजवळच नाही. शेठजवळ नाही, माझ्याजवळ नाही. आम्ही सगळे तिच्याशिवाय जेवतो, झोपतो. तुम्हाला तेवढंच शिकायचं आहे." बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पोरगी खरी वाटते."

खरी होती, पण चुकायची तीही. जाताना तिनं मला एकटीला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "आजपासून त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही." एवढंच. मला कसलीही तयारी नाही आणि त्याला तर ठाऊकच नाही. त्या संध्याकाळी त्यानं विचारलं आणि मी तोंड मिटून भाकरी थापत राहिले. त्यानं दहादा विचारलं. तीसदा विचारलं. मग हा माणूस, घरातला कर्ता पुरुष, चुलीपुढं आला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "एक डाव सांग. तुह्या पाया पडतो."

मी सांगितलं. गार हाय. भाकरी जळली ती जळलीच.

दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं मी एकटी दवाखान्यात. रांग बाजूला सारून आत शिरले आणि त्या डॉक्टरणीवर अशी बरसले, की बाहेरचे रोगी उठून दाराशी आले. "तुमचा उपाय तुमच्या वहीत ठेवा! नवरा बायकोच्या पाया पडला काल, हे तुमच्या कोणत्या पुस्तकात आहे?" तिनं मला थांबवलं नाही. माझा श्वास संपल्यावर ती म्हणाली, "चुकलं माझं. त्यांच्या पाठीमागं ठरवलं मी. त्यांना विचारून ठरवायला पाहिजे होतं. घेऊन या त्यांना."

वर्गातल्या पोरांना मी हे दोनदा सांगते. डॉक्टर 'चुकलं' म्हणते, तिथून उपचार सुरू झाला. आधीची सगळी नुसती वरात होती.

गुरुवारी तिनं त्यालाच विचारलं. "तुम्ही प्रश्न विचारणार, ते मला माहीत आहे. यांनी काय उत्तर द्यायचं? खोटं नको, टोचणारंही नको. तुम्ही ठरवा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हे त जीनमधी आलीच नाई कधी," तो म्हणाला. "हिले मालूमच नाई. त मंग हिनं म्हणाव, मले का मालूम."

मला खुदकन हसू फुटलं. डॉक्टरणीला फुटलं. मग तोही हसला, आणि मी त्याला त्या विषयावर हसताना पहिल्यांदा पाहिलं. सहा वर्षं शपथा खाल्ल्या आणि खरं उत्तर एवढंसं होतं!

मला अभिनयाची हौस. मी ते वाक्य लाडात म्हटलं, रडवेलं म्हटलं, लावणीच्या ठसक्यात म्हटलं. तो चिडायचा, तडफडायचा, पण नियम त्याचाच होता. भीतीच्या पायऱ्या त्यानंच वहीत लिहिल्या, सोप्यापासून अवघडापर्यंत. आधी एक फेरी कमी. मग कोपऱ्यावरून परत न फिरणं. शेवटच्या पायरीवर त्यानं लिहिलं, 'रोहण्याले बहिणीच्या लग्नाले तीन दिवस जाणे.' ते लिहून त्यानं वही मिटली आणि वर हात ठेवला.

रोहणा म्हणजे आमचं गाव, आर्वीकडे. सासूबाई आणि धाकटी नणंद तिथंच राहायच्या. सासरे नव्हते. जीनचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकाच वेळी, म्हणून तीन वर्षांत नवरा हंगामात गावी गेला नव्हता. आता नणंदेचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. होमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या भावानं घालायच्या असतात आणि नवरदेवाचा कान भावानं पिळायचा असतो. तिला हा एकच भाऊ. तिनं पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'दादा, तू नाई आला त मी कान कोनाले पिळाले सांगू?'

डॉक्टरीण एकदा स्वतः हिंगणघाटला आली, एस.टी.नं, भर दुपारी. दवाखान्याच्या खोलीत गंजी नसते, हे तिला कळत होतं. फाटकावरच शेठ आडवा. "बाई, माह्या चांगल्या माणसाले कायले बिघडवून राह्यल्या तुमी?"

"शेठ, तुमच्या जीनचा नियम कितीदा बघायचा आहे?"

"एकदा."

"मग तुमच्याच नियमानं चाललंय."

तिनं साडीचा पदर खोचला, गंजीत हात घातला, काढला. "मला गार वाटते. खात्री नाही. चला," म्हणाली आणि मागं न बघता चालू लागली. नवऱ्यानं एकदा हात घातला आणि तिच्यामागं निघाला. मी फाटकाबाहेर उभी होते. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आम्ही चहाच्या टपरीवर बसलो. तो कापत होता. ती काही बोलली नाही, उगी उगी म्हटलं नाही. दोन कप चहा प्यायली. अर्ध्या तासानं त्याचं कापणं आपोआप ओसरलं. "पाहिलंत?" एवढंच ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही, तरी उतरलं."

लग्नाच्या दोन दिवस आधी शेठ आमच्या घरी आला. हातात मिठाईचा पुडा. नणंदेसाठी आशीर्वाद दिले, चहा घेतला. मग म्हणाला, "जा बाप्पा, जा. बहिणीचं लगन हाय, जाच लागते. पण तू नाई राह्यला, अन् त्या दिवशीच काही झालं त..." आणि थांबला. "नाई नाई. जा तू."

नवऱ्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. शेठला काय करतो आहे ते पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षं त्या माणसाची भीती त्यानं फुकट राबवली होती, आणि आता ती सुटून चालली म्हणून दार लावत होता. मी उठले. शेठच्या हातातली बशी घेतली, चहा अर्धा होता.

"शेठ," मी म्हटलं, "एवढी काळजी हाय त तीन दिवस तुमीच घाला ना गंजीत हात. नारळ मी देतो तुमाले. शाल बी हाय घरी, धुतलेली."

शेठ गेला. मिठाई ठेवून गेला. ती मी गल्लीतल्या कुत्र्यांना घातली आणि नवऱ्याशी तासभर बोलले नाही, कारण बोलले असते तर धीर दिला असता.

आम्ही रोहण्याला गेलो. मुहूर्त गोरजाचा. म्हणजे नेमकी भोंग्याची वेळ! ब्राह्मणाला काय ठाऊक? मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, बँड वाजला. हिंगणघाटचा भोंगा रोहण्याला ऐकू येत नाही. त्याच्या कानात मात्र वाजला. होमासाठी समिधा पेटवल्या, धूर वर आला, आणि "मुलीचा भाऊ, या पुढं" म्हणेपर्यंत भाऊ मांडवात नव्हता.

तो रस्त्यावर होता, शाळेसमोर, जिथं आर्वीची गाडी थांबते. मी धावले. माझ्यामागं सासूबाई, त्यांच्यामागं मामेसासरे, आणि अर्धा मांडव.

"गंजी गार हाय ना वं?" त्यानं मला विचारलं.

"सांग त्याले!" सासूबाई ओरडल्या. "सूनबाई, सांग गार हाय म्हून! पोरगी तिकडं होमापुढं बसून हाय माही! एक शब्द त बोलाचा हाय तुले!"

"काय बाई हाय!" मामेसासरे म्हणाले. "नवऱ्याशी दोन गोड शब्द बोलाले जीभ झडते हिची?"

एक शब्द! मला तो शब्द किती सुंदर म्हणता यायचा! सहा वर्षांचा रियाज होता. म्हटला असता तर तो वळला असता, लाह्या घातल्या असत्या, कान पिळला असता, सासूबाईंनी माझी दृष्ट काढली असती. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. नणंदेचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं होता. मी त्या सगळ्यांवर, शेठवर, चिठ्ठीवाल्या डॉक्टरवर आणि माझ्या स्वतःच्या टाळ्यांवर इतकी भडकले होते, की माझा आवाज फुटला.

"मले का मालूम," मी म्हटलं.

ठसका नव्हता, अभिनय नव्हता. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

गाडी आली. त्यानं पायरीवर एक पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "चढता का भाऊ? का मलेच वऱ्हाडात नेता?" तो पाय तिथंच. हात दांडीला. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली. "बोला लवकर."

"जा तू," माझा नवरा म्हणाला. "माह्या बहिणीचं लगन हाय."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा होता. सासूबाई पुढं व्हायला लागल्या, तर त्यानं हात वर केला. "कोनी काही बोलू नका. माहं मले उतरू द्या."

मग तो मांडवात गेला. लाह्या घालताना त्याचा हात असा हालत होता, की निम्म्या होमात आणि निम्म्या भटजींच्या मांडीवर. तीनदा घातल्या. आणि नंतर त्यानं नवरदेवाचा कान पकडून असा पिळला, की तो बिचारा "अरे बाप्पा!" करून पाटावरून उठला. सगळा मांडव हसला. नणंद हसता हसता रडली. फोटोग्राफरनं नेमका तोच क्षण धरला. फोटोत नवऱ्याचा हात अस्पष्ट आहे आणि नवरदेवाचं तोंड उघडं.

त्या संध्याकाळी त्यानं मला आणखी अकरा वेळा विचारलं. मी अकरा वेळा तेच सांगितलं. सासूबाई पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आजार गेला का? अजून कधी कधी येतो, वाईट सवयीच्या पाहुण्यासारखा. पण आता त्याला पाट मांडत नाही कुणी.

तो फोटो मी वर्गात नेते. मागच्या खेपेला तो हातोहात फिरला, सगळे हसले, वेळ संपली. मग त्याच गोड मुलीनं हात वर केला.

"काकू, पण त्या दिवशी जीनमध्ये आग लागली होती का?"

पन्नास माना पुढं झुकल्या. सरांचीसुद्धा. पाऊण तास घसा कोरडा केला मी!

"मले का मालूम," मी म्हटलं आणि फोटो पिशवीत घातला.

ती जिन्यात मागं आली. फाटकापर्यंत आली. मी रिक्षाला हात केला, तर माझी पिशवी धरून म्हणाली, "सांगा ना काकू खरंच. एकदाच."

एकदाच! मी हळूच पिशवी सोडवून घेतली आणि रिक्षात बसले.